गाडीचं माप

गळ्यातली टेप काढायची राहिली,
तशीच घेऊन म्हापशाला गेले.
एकतीस वर्षं ब्लाउज शिवणारीनं
दुसरं काही मोजायला घेतलं
तरी हात आधी बगलेकडे जातो.

पहिली ओम्नी. पांढरी. आत बांगड्याचा वास.
विकणारा प्रामाणिक होता.
"वास वचना गो बाये, तीन फावट फिनायलान धुयली."
मागची बाकं काढली तर आत किती?
पाच फूट एक.
मी पाच फूट दोन.
कापडात एक इंच मुडपून घेता येतो.
गुडघ्यात किती दिवस,
ते टेपवर लिहिलेलं नसतं.

घरमालकीण वाईट नाही.
ती एवढंच म्हणाली की डिसेंबरात लोक
दोन रात्रींचे जेवढे देतात
तेवढे मी महिन्याचे देते.
हे गणित मलाही येतं.
सात वर्षांत चार खोल्या झाल्या. दर वेळी मशीन,
पायाचं, बिडाचं, चौघांनी उचलायचं
आणि मी पुढे, सुयांचा डबा घेऊन,
मिरवणुकीसारखी.
यंदा म्हटलं, खोलीलाच चाकं असू देत.

बहिणीचा वास्कोहून फोन:
"लोक काय म्हणतील? आणि आंघोळ कुठं करशील?"
पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

दुसरी, फोंड्याच्या एका ट्रस्टची रुग्णवाहिका.
लांबी ऐसपैस. माणूस आडवा मावला पाहिजे
याची काळजी कुणीतरी आधीच घेतलेली.
छताला सलाइनचा हूक.
इथं बॅटरी टांगीन, इथं फॉल-पिकोच्या साड्या.
"किती जण गेले हिच्यात?"
केंकरे रजिस्टर आठवल्यासारखं करून म्हणाले,
"बसवताना सगळे जिवंतच होते."
किंमत दोन लाख दहा.
खरं सांगायचं तर किमतीमुळेच परतले.
हूक अजून आठवतो.

तिसरी दिवाडीला.
फेरीबोटीतून उतरून चालत गेले,
कायतानच्या बापाची पावाची गाडी.
बाप गेला, मग भट्टी गेली,
गाडी फणसाखाली राहिली.
दारात मुंग्या, कोपऱ्यांत अजून कोंडा.
लांबी सहा फूट चार.
रुंदी: एक बाई, एक मशीन, आणि वळायला थोडी जागा,
श्वास धरून.
खालचा पत्रा खाऱ्या हवेनं
जुन्या अस्तरासारखा झालेला,
बोट लावलं तर आरपार.
"अस्तर बदलता येतं," मी म्हणाले.
तो पत्र्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"एकलीच रावतली तूं?"
"मशीन आहे."

चप्पल बाहेर काढून आत आडवी झाले.
छतावर पेन्सिलीनं बापाचं अक्षर:
मारिकीन ६, मास्तर ४, पाद्री १०,
बेंता ३, उधार,
बेंता ३, उधार,
बेंता ३.
शेवटच्या तीनपुढं काहीच नाही.
फेडले असतील, की सोडून दिले?
वर बघत किती वेळ पडले होते कोण जाणे,
कायताननं पत्र्यावर टकटक केलं
तेव्हा मी "कोण?" म्हटलं,
आपल्याच घरात असल्यासारखं.

पंच्याऐंशी हजारांवर ठरलं.
मग आरटीओची खिडकी, आणि फॉर्ममध्ये
एक लांबलचक रिकामी ओळ: कायमचा पत्ता.
"त्यासाठीच तर गाडी घेतेय," मी म्हणाले.
कारकुनानं वर पाहिलं नाही.
"पत्ता नाही तर ट्रान्सफर नाही."
मागची रांग खोकली.

कायतान म्हणतो, माझा पत्ता घाल.
मी म्हणते, बघू.
उपकार टाचणीसारखा असतो,
कापडात राहून गेला की
पहिल्यांदा अंगात घालताना कळतो.

तूर्तास रविवारी फेरीबोटीनं जाते, गाडी झाडते,
मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकते.
उरल्यासुरल्या कापडाचे पडदे शिवून झालेत,
एक फुलांचा, तीन चौकड्यांचे.
उजवीकडचा दोन बोटं आखूड पडला.
गाडी अजून त्याच्याच नावावर आहे.